उद्योगांचं अनुदान म्हणजे उधळपट्टी, हे सरसकट खरं नाही

उद्योगांच्या प्रोत्साहन निधीची बातमी आली की एक मजकूर लगेच फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: सरकार कारखानदारांना फुकट पैसे वाटतं आणि कारखाना उभा राहायच्या आधीच ते खिशात जातात. अनुदान नसतं तरी हे कारखाने आलेच असते. त्यातून नोकऱ्या निघत नाहीत, निघाल्याच तर दुसऱ्या गावाच्या पळवलेल्या असतात. सवलत संपली की मालक गाशा गुंडाळतो. हाच पैसा शाळा-दवाखान्यांना द्यायला हवा होता.

यामागची चीड मला समजते. मोठ्या उद्योगसमूहांच्या सवलतींचे आकडे वाचून कुणाचंही डोकं फिरेल. पण या मजकुरात पाच-पन्नास कोटींचा प्रकल्प आणि चार लेथ टाकणारा तरुण एकाच रांगेत उभे केले जातात. जनमत असं तापलं की मोठ्यांचं काही बिघडत नाही, कात्री लहानांच्या योजनांना लागते. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

पैसे आधीच खिशात जातात का? महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटलेला उद्योग बाहेर सरकावा, हा तिचा मूळ हेतू. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडलेले असतात आणि तालुका जितका मागे, तितकी सवलत जास्त. २०१९ च्या योजनेतला मुख्य भाग परताव्याचा आहे. उद्योजकाने आधी स्वतःचे आणि बँकेचे पैसे घालून जमीन, शेड, यंत्रं उभी करायची. उत्पादन सुरू झालं की पात्रता प्रमाणपत्र घ्यायचं. मग राज्यात विकलेल्या मालावरच्या राज्य जीएसटीच्या हिशेबाने वर्षावर्षाला परतावा मागायचा, तोही स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांच्या मर्यादेत. माल विकलाच नाही तर परतावा शून्य. शिवाय एकूण मनुष्यबळात ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के स्थानिक माणसं असावीत, अशी अट आहे.

लहानांसाठीच्या योजनेत तर पैसा आणखी घट्ट बांधलेला असतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्यात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के मार्जिन मनी, म्हणजे अनुदान, मिळते आणि उत्पादन उद्योगासाठी खर्चाची मर्यादा २०२२ पासून ५० लाख रुपये आहे. ग्रामीण भागातल्या एखाद्या बाईने २० लाखांचं युनिट काढलं तर तिचे स्वतःचे १ लाख, बाकीचे १९ लाख बँकेचे. अनुदानाचे ७ लाख येतात, पण तिच्या हातात पडत नाहीत. ते तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखे अडकून राहतात आणि युनिट खरंच चालू आहे याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होतात. मधल्या काळात युनिट बंद पडलं तर ते अनुदान तिचं होत नाही. याला फुकट पैसे म्हणणाऱ्याने एकदा बँकेत बसून अशी एखादी फाइल चाळावी.

बाहेरच्या देशातलं फसलेलं उदाहरणही इथे उपयोगी आहे, कारण टीकाकार तेच पुढे करतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीशी सुमारे ३ अब्ज डॉलर सवलतींचा करार केला. बदल्यात १० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १३ हजार नोकऱ्या, असा वायदा होता. तो पाळला गेला नाही. मात्र सवलती कामगिरीशी बांधलेल्या असल्यामुळे राज्याची ती मोठी रक्कम तिजोरीतच राहिली आणि २०२१ च्या नव्या करारात सवलत जास्तीत जास्त ८ कोटी डॉलरवर आणि नोकऱ्यांचं उद्दिष्ट १,४५४ वर आलं. खरा फटका बसला स्थानिक प्रशासनाला, कारण त्याने जमीन, रस्ते, पाणी यांवर आधीच पैसा ओतला होता. आधी दिलेला पैसा बुडतो आणि काम बघून द्यायचा पैसा वाचतो, हे एकाच प्रकल्पात दिसलं.

आता सगळ्यात दमदार मुद्दा: अनुदान नसतं तरी कारखाना आलाच असता. यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या अपजॉन संस्थेचे टिमोथी बार्टिक यांनी या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचा २०१८ मध्ये आढावा घेतला. सवलतीमुळे निर्णय खरोखर बदलला, अशी प्रकरणं २ ते २५ टक्के असावीत, असा त्यांचा अंदाज. म्हणजे बहुतेक कंपन्या तशाही तिथेच गेल्या असत्या किंवा वाढल्या असत्या.

पण मजकूर इथेच थांबतो, आणि पुढचा प्रश्न विचारतच नाही: कोणाच्या बाबतीत? त्याचं उत्तर ब्रिटनमधून मिळतं. तिथे मागास भागांतल्या कारखान्यांना गुंतवणुकीसाठी थेट अनुदान देण्याची जुनी योजना होती. युरोपीय संघाच्या नियमांमुळे कोणता भाग पात्र याचा नकाशा अधूनमधून बदलायचा. त्यामुळे एखाद्या भागाला जास्त अनुदान मिळालं ते तो आधीच वर येत होता म्हणून, ही शंका बाजूला ठेवून तुलना करता आली. क्रिस्क्युओलो, मार्टिन, ओव्हरमन आणि व्हॅन रीनन यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुदानाची कमाल मर्यादा १० टक्के-बिंदूंनी (समजा, २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर) वाढली की त्या भागातला कारखानदारीतला रोजगार सुमारे १० टक्क्यांनी वाढला. आणि ही सगळी वाढ लहान कारखान्यांत झाली. मोठ्या कंपन्यांनी अनुदान घेतलं, पण त्यांचं काम वाढलं नाही.

माझ्या मते या वादातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष हाच, आणि त्याचं कारण आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये सापडतं. मोठ्या कंपनीला भांडवल कुठेही मिळतं. तिला पाच-दहा टक्के सवलत म्हणजे नफ्यावरचा नफा. जॉबवर्क करणाऱ्याची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम आपल्या यंत्रावर करून देणाऱ्याची, गोष्ट वेगळी. त्याच्याकडे ऑर्डर असते, ऑपरेटर असतो, जागाही असते, पण दुसरी व्हीएमसी (धातूचे भाग कापणारं संगणकचलित यंत्र) घ्यायला बँक तारण मागते. घर आधीच गहाण असतं. गिऱ्हाईक बिलाचे पैसे तीन-तीन महिने देत नाही. तिथे काही लाखांचं अनुदान आलं की यंत्र येतं, आणि यंत्र आलं की दोन पाळ्यांना माणसं लागतात. त्याच्या बाबतीत तशीही वाढ झाली असती, असं म्हणणाऱ्याला त्याचा ताळेबंद माहीत नाही.

नोकऱ्या निघतच नाहीत, या दाव्याला आपल्याच देशात उत्तर आहे. २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशसाठी दहा वर्षं उत्पादन शुल्क माफी, आयकरात सूट आणि १५ टक्के भांडवली अनुदान असं पॅकेज दिलं. अर्थशास्त्रज्ञ रितम चौरे यांनी २०१७ मध्ये त्याचे परिणाम मांडले: रोजगार, उत्पादन, स्थिर भांडवल आणि कारखान्यांची संख्या, चारही मोठ्या प्रमाणात वाढली. वाढ फक्त नव्या कारखान्यांची नव्हती, आधीपासून असलेलेही विस्तारले. कामगारांचं वेतनही वाढलं.

आणि आपलं औरंगाबादजवळचं वाळूज. बजाज ऑटोने १९८५ मध्ये तिथे कारखाना सुरू केला, तेव्हा मराठवाड्याला मागास भागाच्या सवलती होत्या. केवळ त्यांच्यामुळे बजाज आली असं मी म्हणणार नाही. एमआयडीसीची जमीन होती, जायकवाडीचं पाणी होतं. पण सवलत हे त्यातलं एक ठोस कारण होतं. पुढे काय झालं ते बघा. बजाजला सुटे भाग पुरवण्यासाठी त्याच वर्षी एंड्युरन्सची सुरुवात औरंगाबादेत झाली, नंतर व्हॅरॉक उभी राहिली. या दोन्ही कंपन्यांचे आज परदेशातही कारखाने आहेत. त्यांच्यामागे प्रेस शॉप, प्लेटिंग, टूल रूम, पॅकिंग अशी लहान युनिटं वाढली. यातल्या नोकऱ्या बजाजच्या हजेरीपटावर दिसत नाहीत, म्हणून त्या मजकुराच्या हिशेबातही येत नाहीत.

सवलत संपली की मालक पळतो, यावरही वाळूज पुरेसं बोलतं. चाळीस वर्षं झाली, कारखाना तिथेच आहे. आजूबाजूला पुरवठादार आणि कसबी कामगार रुजले की उठून जाणं महाग पडतं. एकट्या कारखान्याला आणून माळरानावर बसवलं, भोवती काहीच उभं राहू दिलं नाही, तर मात्र तो जातो.

दुसरीकडच्या नोकऱ्या पळवल्या जातात, हा आरोप मला सर्वांत बोचतो, कारण त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २००७ मध्ये बजाजचा उत्तराखंडातल्या पंतनगरचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्याजवळच्या आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. उत्तराखंडची करमाफी आणि इकडचा खर्च यांची तुलना त्या निर्णयामागे होती, हे उघड आहे. चौरे यांच्या अभ्यासात एकंदर स्थलांतराचा पुरावा सापडला नाही, पण आकुर्डीच्या कामगाराला सरासरीचा काही उपयोग नाही. राज्याराज्यांत मोठ्या प्रकल्पांची बोली लागते तेव्हा देशाच्या पदरात नवीन काही पडत नाही, हे टीकाकारांचं म्हणणं मला मान्य आहे. मग तेच सूत्र सगळीकडे लावा. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा आपण हात आखडता घेतला म्हणून जो संताप झाला, तो याच बोलीसाठी होता. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्या गावात कारखाना आहे त्याच गावात तो वाढावा म्हणून दिलेलं अनुदान या बोलीत येतच नाही. सामूहिक प्रोत्साहन योजनेत विस्ताराला सवलत आहे ती त्यासाठीच.

शाळा-दवाखान्यांचा मुद्दा. जीएसटीचा परतावा कारखान्याच्या विक्रीतून आलेल्या करातूनच जातो. जो कारखाना सवलतीशिवाय वाढला नसता, त्याचा परतावा दिल्याने शाळेचं काही कमी होत नाही, कारण तो करच आला नसता. जो तसाही वाढला असता, त्याला दिलेला प्रत्येक रुपया मात्र खरोखर शाळेतून गेला. म्हणून लहान-मोठ्याचा फरक इथेही सोडता येत नाही.

पैसा रोखच द्यायला हवा, असंही नाही. चिंचवडचं ऑटो क्लस्टर किंवा वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर सरकारी निधीच्या आधाराने उभं राहिलं. जे चाचणी यंत्र एकट्या लघुउद्योजकाला परवडणार नाही, ते तिथे भाड्याने वापरता येतं. प्रत्येक नोकरीमागे होणाऱ्या खर्चाच्या हिशेबात अशा सेवा आणि प्रशिक्षण रोख सवलतींपेक्षा सरस ठरतात, असं बार्टिकही सांगतात.

राग योग्य ठिकाणी न्यायचा असेल तर दोन जागा आहेत. पहिली, मेगा प्रकल्पांची पॅकेजेस. ती मंत्रिमंडळ उपसमिती प्रकल्पागणिक ठरवते, आणि नेमकं काय दिलं, काय मिळालं, हे सामान्य माणसाला एका जागी वाचायला मिळत नाही. दुसरी, लहानांचे रखडणारे परतावे. मंजूर रक्कम वर्ष-दोन वर्षं उशिरा आली तर ज्या हप्त्यासाठी ती हवी होती तो केव्हाच थकलेला असतो.

जिल्हा उद्योग केंद्राकडून दरवर्षी एक यादी मागा: कोणत्या कारखान्याला किती रक्कम मंजूर झाली, किती दिली, किती नोकऱ्यांचं आश्वासन होतं आणि भविष्य निर्वाह निधीच्या दरमहाच्या भरण्यात प्रत्यक्ष किती कामगार दिसतात. कंत्राटी कामगारांचा रकाना वेगळा हवा. हे सगळे आकडे कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयात आधीच जमा होतात.