मेट्रोतल्या व्हायोलिनवाल्याचा तो फॉरवर्ड

'वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर एका माणसाने 45 मिनिटं व्हायोलिनवर जर्मन संगीतकार बाखच्या सहा रचना वाजवल्या. हजारो लोक गेले, लहान मुलं तेवढी थांबू पाहत होती, कुणी ओळखलं नाही, 32 डॉलर जमले. तो होता जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल! दोनच दिवस आधी बॉस्टनला त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट सरासरी 100 डॉलर होतं, हातातलं व्हायोलिन 1713 चं स्ट्रॅडिव्हेरियस! विचार करा, आपण रोज काय काय गमावतो?' हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. परवा आत्याने पाठवला, खाली स्वतःची ओळ जोडून: 'तुमच्या पिढीला थांबायला वेळच नाही.' आता मात्र पुरे झालं.

प्रसंग खरा आहे. 12 जानेवारी 2007, शुक्रवार, सकाळी आठची वेळ, लाँफाँ प्लाझा स्टेशन. 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाचा पत्रकार जीन वाइनगार्टनने तो घडवून आणला आणि त्यावरच्या त्याच्या लेखाला 2008 साली पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो लेख उघडूनही पाहिलेला दिसत नाही.

सहाही रचना बाखच्या? शूबर्टचं 'आवे मारिया' होतं, पाँसेचं 'एस्त्रेयिता' होतं, मासनेचीही एक रचना होती. हजारो लोक? मोजलेले 1,097. कुणीच ओळखलं नाही? तीन आठवड्यांपूर्वीच लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्याला ऐकलेल्या एका बाईंनी ओळखलं आणि 20 डॉलर टाकले. ओळखून दिलेले म्हणून 'पोस्ट'ने ते 32 मध्ये धरलेच नाहीत. तरुणपणी व्हायोलिनवादक व्हायचं म्हणून शिकलेला एक जण तर नऊ मिनिटं उभा होता.

पण खरी चीड येते ती त्या तात्पर्याची. सरकारी कचेऱ्यांचा भाग, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी दाराजवळची जागा, ऑफिस गाठायची वेळ. तिथे बेलने सुरुवात केली बाखच्या शाकोनने. एका छोट्या स्वरवाक्यावर साठाहून जास्त रूपं चढवत नेणारी ही जवळजवळ पंधरा मिनिटांची रचना. तिचा सगळा परिणाम साठत जाण्यात आहे. दहा-वीस सेकंदांत समोरून जाणाऱ्याला त्यातलं काय मिळणार? तिकीट काढून, मोबाइल बंद करून बसलेल्या श्रोत्यालाही पहिल्या ऐकण्यात ती पुरती कळेलच असं नाही. आणि उशीर झाला म्हणून बोलणी खाणाऱ्या कारकुनाला आपण अरसिक ठरवायचं!

गंमत म्हणजे हा आक्षेप मूळ लेखातच आहे. नॅशनल गॅलरी या कलासंग्रहालयातले मार्क लाइथॉयझर तिथे म्हणतात की एखादं लाखो डॉलरचं अमूर्त चित्र चौकटीतून काढून रेस्टॉरंटच्या भिंतीवर लावलं, तर कुणाचं लक्षही जाणार नाही. सौंदर्य नीट अनुभवायला परिस्थितीही अनुकूल लागते, हा तत्त्वज्ञ कांटचा विचारही लेखात येतो. लोकांवर निकाल देण्याची घाई वाइनगार्टनने केलेली नाही. ती नंतरच्यांनी केली.

मुलांबद्दलचा मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य. जाणारं प्रत्येक मूल थांबू पाहत होतं आणि प्रत्येक वेळी आईबाप त्याला ओढून नेत होते, हे लेखात आहे. पण शाळा-पाळणाघराची वेळ गाठायची असेल तर मीही ओढलंच असतं.

बॉस्टनचा कार्यक्रम दोन नव्हे, तीन दिवस आधीचा, आणि 100 डॉलर हा तिथला सरासरी दर नव्हे, बऱ्यापैकी जागांचा. व्हायोलिन 1713 चं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे नामांकित कारागीर स्ट्रॅडिव्हेरीने बनवलेलं, हे बरोबर. तेच 1936 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, तेव्हाचा त्याचा मालक व्हायोलिनवादक ह्युबरमनच्या खोलीतून चोरीला गेलं होतं. ज्युलियन ऑल्टमन नावाचा वादक ते जवळजवळ पन्नास वर्षं लोकांसमोर वाजवत राहिला आणि संगीतातल्या माणसांनाही पत्ता लागला नाही. मग स्टेशनवरच्या लोकांकडून काय अपेक्षा करायची?

32 डॉलरला फॉरवर्डवाले अपमान समजतात. बेलने स्वतः ते हसण्यावारी नेलं: तासाला चाळीसेक पडतात, एजंटलाही काही द्यावं लागत नाही!

चौदाव्या वर्षी वाद्यवृंद संचालक रिकार्डो मुतींबरोबर फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात वाजवलेला, संगीतकार निकोलस मॉ यांच्या कॉन्चेर्टोच्या (एकल वादक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) रेकॉर्डिंगसाठी ग्रॅमी मिळवलेला, 'द रेड व्हायोलिन' या चित्रपटातलं व्हायोलिन वाजवणारा, 2011 पासून अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या लंडनच्या वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक असलेला हा माणूस. फॉरवर्डमध्ये यातलं काही नाही. सप्टेंबर 2014 मध्ये त्याने वॉशिंग्टनच्याच युनियन स्टेशनवर, आधी जाहीर करून, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पुन्हा वाजवलं, हेही नाही. त्या दिवशी मात्र लोक दाटीवाटीने उभे होते.