लिथुआनिया म्हणजे 'लतावन' नव्हे!

हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. या वेळी तो पाठवला आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या मावशीने, म्हणून आता उत्तर देणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं असं: लिथुआनिया या युरोपातल्या देशाचं नाव 'लतावन'वरून आलं. तिथले लोक आजही संस्कृत बोलतात आणि त्यांची भाषा हजारो वर्षांत बदललेली नाही. त्यांच्या राजचिन्हावर कल्की आहे, 1387 पर्यंत सगळा देश हिंदू होता आणि झेंड्यातला पिवळा रंग हळदीचा. शेवटी अर्थातच 'गर्व असेल तर पुढे पाठवा'.

नावाचं आधी उरकू. 'लिथुआनिया' हे लॅटिन वळणाचं रूप. तिथले लोक आपल्या देशाला 'लिएतुवा' म्हणतात, आणि 1009 सालच्या क्वेडलिनबर्गच्या जर्मन बखरीत हे नाव 'लितुआ' असं आलंय. म्हणजे 'वन' शोधायला मेसेजकर्त्याने जे 'आनिया' पिळलं, ते मूळ नावात नाहीच.

आता भाषा. इथे अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. लिथुआनियनमध्ये मुलगा 'सूनुस', मेंढी 'अविस', धूर 'दूमस', पुरुष 'वीरस', विस्तव 'उग्निस'. संस्कृत येणाऱ्याला चकित व्हायला होतं, आणि आजही बोलल्या जाणाऱ्या भाषांत इतकी जुनी रूपं जपणाऱ्या फार थोड्या. पण नातं असणं वेगळं आणि पोटी जन्म घेणं वेगळं.

मेसेजचा हुकमी पुरावा म्हणजे 'दिएवस दावे दंतिस, दुओस इर दुओनोस' ही म्हण: देवाने दात दिले, भाकरीही देईल. आपल्याकडे चोच दिली तो चारा देईल म्हणतात, तेच. त्याखाली दिलेलं 'देवोऽददाद् दतः, देवो दास्यति धानाः' हे संस्कृत वाक्य मात्र कुठलं प्राचीन वचन नाही. तुलनेसाठी ते मुद्दाम जुळवलेलं आहे. 'दुओना' म्हणजे भाकरी, 'धाना' म्हणजे धान्याचे दाणे. शब्द नात्यातले, अर्थ वेगळा. शिवाय लॅटिनमध्येही 'देउस देदित देंतेस, देउस दाबित पानेम' आहेच. मग रोमही आपलंच का?

दोन सारखे शब्द शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. ध्वनी कोणत्या नियमाने बदलले, ते पाहावं लागतं. 'कोण'साठी संस्कृत 'कः', लिथुआनियन 'कस'. क तसाच. पण 'चत्वारः'ला 'केतुरि' आणि 'पञ्च'ला 'पेंकि'. इथे संस्कृतात च, तिकडे क. का? कारण दोघींच्या सामाईक मूळ भाषेत त्या जागी क-सारख्या ध्वनीपुढे ऱ्हस्व ए होता. संस्कृतच्या पूर्वरूपात त्या ए-मुळे क-चा च झाला आणि मग त्या ए-चा अ झाला. लिथुआनियनने क ठेवला, आणि 'केतुरि'त तो ए-ही. ती संस्कृतातून निघाली असती, तर संस्कृतात उरलेलाच नव्हता तो ए तिला 'केतुरि'त परत नेमक्या त्याच जागी कुठून सापडला?

मावशीनेच पाठ करून घेतलंय: कृ धातूचं 'चकार' होतं, 'ककार' नाही. पाणिनीचं सूत्र 'कुहोश्चुः'. त्या पहिल्या अक्षरातही एके काळी ए होता, च त्याचीच खूण. उलट 'धूम'मधला ध संस्कृतने जपला, 'दूमस'ने घालवला. एकीने एक राखलं, दुसरीने दुसरं. बहिणींचं असंच असतं.

संस्कृतचा ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्सचं नाव मेसेजमध्ये मोठ्या अक्षरांत आहे. 2 फेब्रुवारी 1786 च्या कलकत्त्यातल्या प्रसिद्ध भाषणात तो म्हणाला की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमातून निघाल्या. संस्कृतातून निघाल्या, असं नव्हे. आणि त्या प्रसिद्ध वाक्यात लिथुआनियन नाहीच.

'बदललीच नाही' हेही खोटं. त्या भाषेतलं पहिलं छापील पुस्तक 1547 चं, माझ्वीदासचं. त्या काळी वापरात असलेल्या काही विभक्ती आजच्या प्रमाणभाषेत अवशेषापुरत्या उरल्यात. नामांतलं नपुंसकलिंग तर गेलंच. तिन्ही लिंगं आपल्या मराठीत आहेत!

सगळ्यात चीड येते ती 'मुळात आमचीच भाषा' या सुराची. 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षं रशियन झारशाहीने लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली आणि रशियन लिपी लादू पाहिली. पुस्तकं शेजारच्या जर्मन पूर्व प्रशियात छापून 'क्निगनेशेय', म्हणजे पुस्तकवाहक, ती चोरून सीमेपार नेत. पकडलेल्यांना तुरुंग, सैबेरिया. पुणे शहराएवढीही लोकसंख्या नसलेल्या देशाने एवढं करून ती भाषा टिकवली.

बाकीचं पटकन. राजचिन्हावरचा 'वीतिस' हा लाल पार्श्वभूमीवर तलवार उगारलेला स्वार. पांढरा घोडा दिसला की कल्की! त्याच्या निळ्या ढालीवरचा सोनेरी दुहेरी क्रूस मेसेजच्या फोटोतही स्पष्ट दिसतो. घोडेस्वार मुद्रा मध्ययुगीन युरोपातल्या कित्येक राजांच्या होत्या. हे चिन्ह 11 मार्च 1990 ला, स्वातंत्र्य पुन्हा जाहीर झालं त्याच दिवशी परत आलं.

1387 मध्ये देशाने ख्रिस्ती धर्म अधिकृतपणे स्वीकारला, युरोपात जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी, हे खरं. झेमाइतिया हा पश्चिमेचा भाग तर 1413 मध्ये. त्याआधीचा धर्म बाल्टिक, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या तिथल्या लोकांचा स्वतःचा, होता. त्यांचा मेघगर्जनेचा देव 'पेर्कूनस' आणि आपला वैदिक देव पर्जन्य यांचं नातं अभ्यासकांत वादाचं आहे. ख्रिस्ती नाही म्हणजे हिंदू, हा हिशोब कुठला?

आणि झेंडा: पिवळा, हिरवा, लाल. 1918 मध्ये बसानाविचियुस, झ्मुइद्झिनाविचियुस आणि दाउगिर्दास या तिघांच्या समितीने ठरवला. हिरवा आणि लाल लोकविणकामातले म्हणून घेतले, पिवळा नंतर जोडला. हळद नाही.