शिंगे : लागू नाही

घोड्याचा विमा काढणं म्हणजे काय, तर घोडा कसकसा मरू शकतो याची यादी त्याच्या मालकासमोर बसून मोठ्याने वाचायची. ज्याला जमतं त्याने खुशाल वाचावी, माझ्या वाट्याला मात्र आमचे मामा आले, ज्यांच्या अंगणात घोडीच्या देखत 'उन्हाने मेलो रे' असं म्हणायलासुद्धा बंदी आहे.

मामांची बिजली ही वरातीची घोडी. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तिथून आणलेली. काठेवाडी, रंगाने कुमैत (म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ-शेपूट काळी), आणि गळ्याला देवमण. देवमण म्हणजे गळ्यावरचा केसांचा भोवरा, तो असला की मालकाची भरभराट होते म्हणे, विकणाऱ्याची तर नक्कीच होते कारण त्याचे तो वेगळे पैसे लावतो. मागच्या सीझनला शेजारच्या गावात एक घोडी फटाक्याला बुजून थेट हायवेवर गेली, तेव्हा मामींनी जाहीर केलं की आपल्या बिजलीचा विमा काढायचाच, आणि भाचा पुण्यात कम्प्युटरवर बसतो म्हणजे त्याला हे कळत असणारच.

मला माझ्या स्वतःच्या मेडिक्लेममधलं काही कळत नाही. पण मामींना नाही कोण म्हणणार.

आधी सरकारी योजना बघितली. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट सगळे बसतात आणि 2024 मध्ये हप्त्यातला मालकाचा हिस्सा 15 टक्क्यांवर आणलाय, बाकीचा सरकार भरतं. ऐकून मामा खुश. ऑफिसात गेलो तर समोरचा माणूस म्हणाला, गाय आहे का? नाही म्हटलं. म्हैस? नाही. मग त्याने आमच्याकडे जरा दयेनेच बघितलं आणि नंतर या म्हणाला. त्यामुळे शेवटी प्रायव्हेटात एजंट गाठला. तर नेमका पितृपक्ष चालू, मामा म्हणाले या दिवसांत मरणाच्या कागदावर सही नको. म्हटलं ठीक आहे, नवरात्रात करू. तर म्हणे देवीच्या दिवसांत मरणाच्या कागदावर सही? असं करत करत तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि वरातीच्या सुपाऱ्या यायला लागल्या, तेव्हा कुठे एजंट घरी आला.

त्याच्याकडचा फॉर्म गाईचा होता. त्याचा तरी काय दोष, त्याने जन्मात घोडा इन्शुअर केला नव्हता. शिंगांचा आकार: लागू नाही. रोजचं दूध किती लिटर: लागू नाही. कितवं वेत: इथे मामा उठून आत गेले. रंगाच्या रकान्यात कुमैत लिहा म्हटलं तर तो म्हणाला तपकिरी लिहितो, आणि देवमण कुठे लिहायचा यावर बराच वेळ चर्चा होऊन तो शेवटी 'इतर खुणा / व्यंग' मध्ये गेला. हे मामांना अजून कोणी सांगितलेलं नाही, कृपया सांगू नये.

मग जनावरांचे डॉक्टर आले, वय आणि किंमत ठरवायला. घोड्याचं वय दातांवरून काढतात, पुढच्या दातांवरचे खड्डे झिजत जातात त्याचा हिशोब असतो. डॉक्टरांनी बिजलीचा ओठ वर केला आणि म्हणाले सात. बाजारात पाच सांगितलं होतं! मामांना ते फार लागलं, पैसे ढापणारे बघितलेत म्हणाले, वर्षं ढापणारा पहिलाच. किंमतीचं तर विचारूच नका. क्लेम किती मिळेल असा विषय निघाला की बिजली लाखांच्या घरात जायची, आणि हप्ता किती बसेल म्हटलं की मामांनाच आठवायचं की तशी ती थोडी लंगडते.

कव्हरमध्ये निवडायचं म्हटलं तर मुख्य पॉलिसी मृत्यूची, आणि जास्तीचे पैसे भरले तर कायमचं अपंगत्व. औषधपाण्याचा खर्च नाही. इंग्लंड-अमेरिकेत डॉक्टरच्या बिलाचं वेगळं कव्हर घेता येतं, इकडे मेली तरच पैसे, वाचवायला गेलात तर तुमचे तुम्ही. आता घोड्याला उलटी करता येत नाही, त्याची शरीररचनाच तशी, त्यामुळे लग्नातल्या कुठल्या काकूने प्रेमाने ताटभर बुंदी चारली आणि पोटशूळ उठला तर प्रकरण सरळ जिवावर जातं. मी हे समजावून सांगत होतो आणि मामा फक्त एवढंच म्हणाले, शुभ बोल रे नाऱ्या. तेवढ्यात एजंटने वाचायला घेतलं: आग, पूर, भूकंप, सर्पदंश, वीज पडणे. बिजलीवर वीज! मामींनी तिथल्या तिथे मीठमोहऱ्या आणल्या आणि ओवाळून टाकल्या.

खरी गंमत पुढे, काय काय चालणार नाही त्यात. आजाराने गेली तर पहिले 15 दिवस पैसे नाहीत. निष्काळजीपणा नाही. हजाराची माळ लावून तिच्यासमोर डीजे वाजवणं निष्काळजीपणात येतं का, विचारलं. 'केस टू केस बघतात.' क्षमतेपेक्षा जास्त ओझं नाही. नवरदेव ओझ्यात धरायचा का? 'केस टू केस.' केंद्राच्या 1965 च्या नियमात पाठीवर ओझं वाहणाऱ्या तट्टाला 70 किलोची मर्यादा आहे आणि खेचराला 200 ची, म्हणजे हल्लीचे नवरदेव बघता त्यांना कायद्याने खेचरच द्यायला पाहिजे, आणि पुढ्यात भाचा बसवायचा असेल तर दोन.

कानात पिवळा बिल्ला ठोकायचा होता, कारण नो टॅग नो क्लेम. वरातीच्या घोडीच्या कानात बिल्ला? मामा ऐकेनात. मामींनी तोडगा काढला, बिल्ल्यावर गोंडा बांधायचा. आता फोटोत दिसतो तो लाल गोंडा खास सजावटीचा आहे असं सगळ्यांना वाटतं आणि दोन घोडीवाल्यांनी तो कॉपीपण केलाय.

शेवटी सही करायला मामांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. 'साहेब, घोडीला काही झालं तर तुम्ही पैसे देणार. आणि घोडीने कोणाला काही केलं तर? मागे एका बँडवाल्याला लाथ बसली होती.'

'नाही काका, ते यात येत नाही,' एजंट म्हणाला. तेव्हा तो मोबाईल घेऊन बिजलीचे चारही बाजूंनी फोटो काढत होता, कंपनीला लागतात म्हणून, आणि तीन बाजू काढून झाल्या होत्या.

'मग साहेब,' मामा म्हणाले, 'मागून काढायच्या आधी तुमचा विमा आहे का ते सांगा.'