मालकाचे उत्तर: कलम १३८ च्या (चेक न वटल्याच्या) फिर्यादीच्या मुदतीबाबत आपण दिलेल्या अभिप्रायाविषयी

आदरणीय वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार.

चेक न वटल्याच्या प्रकरणात फिर्याद दाखल करण्याची शेवटची तारीख आमच्या एआय सहायकाने १९ जुलै २०२५ अशी सांगितली, वास्तविक ती २५ जुलै होती, आणि त्यापायी आपल्याला दोन रात्री जागून १८ तारखेला फिर्याद दाखल करावी लागली, असे आपण लिहिले आहे. तारीख चुकली हे खरे आहे आणि त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. परंतु त्याखाली आपण एक तारा देऊन 'मुदत बुडवणारे सॉफ्टवेअर, कोणी घेऊ नये' असे जे लिहिले आहे, त्याविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हे वाक्य वाचून दोन वकिलांनी आमच्याकडची चाचणी मध्येच थांबवली आहे.

आपण १४ जुलैला सहायकाला विचारलेला प्रश्न आमच्या नोंदीत असा आहे: 'नोटीस ३ जूनला दिली, १३८ ची फिर्याद कधीपर्यंत?' सहायक स्वतः दिवस मोजत नाही. तो मुदतमोजणीच्या साधनाला तारीख पुरवतो आणि आलेले उत्तर आपल्यासमोर ठेवतो. त्या साधनाच्या आत काय लिहिले आहे हे त्याला दिसत नाही; साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यात भरायच्या रकान्यांची नावे एवढेच तो वाचतो. आमचे वर्णन एका ओळीचे होते, 'नोटिशीच्या तारखेवरून फिर्यादीची मुदत काढते', आणि रकान्याचे नाव नुसते 'तारीख'. सहायकाने ३ जून ही तारीख भरली. साधनाने चेक देणाऱ्याला पैसे देण्यासाठी असलेले त्यापुढचे १५ दिवस मोजून १८ जूनपर्यंत आणले, १९ जूनला वादकारण, म्हणजे फिर्याद करण्याचा हक्क, उद्भवले असे धरले, आणि तेथून एक महिना म्हणजे १९ जुलै. हिशेब बिनचूक होता, पण तो ज्या दिवसापासून सुरू झाला तो दिवस चुकीचा होता. कायद्याप्रमाणे ते १५ दिवस नोटीस मिळाल्यापासून धरायचे असतात. पोस्टाच्या अहवालानुसार ती ९ जूनला मिळाली होती, म्हणून पैसे देण्याची मुदत २४ जूनला संपली, वादकारण २५ जूनला उद्भवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली साकेत इंडिया प्रकरणात सांगितल्याप्रमाणे तो दिवस वगळून फिर्याद २५ जुलैपर्यंत चालली असती.

आता आपणच पाहावे, की सहायकाने दिलेली तारीख खऱ्या तारखेच्या सहा दिवस अलीकडची होती. आपल्या अशिलाची मुदत बुडाली नाही, बुडण्याचा प्रश्नही नव्हता. आपण १८ तारखेला दाखल केलेली फिर्याद पूर्णपणे मुदतीत आहे. जागरण झाले, मनस्ताप झाला, हे मान्य. पण 'बुडवणारे' हा शब्द आमच्या धंद्यात काय करतो, हे आपल्यासारख्या जाणत्या वकिलाला वेगळे सांगायला नको. पोस्टाचा अहवाल आपल्या फाइलीत होता आणि प्रश्नात ती तारीख आली असती तर उत्तरही बरोबर आले असते, हेही नम्रपणे नोंदवतो. (अर्थात सहायकाने ती विचारायला हवी होती, हे आपण म्हणाल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.)

चूक सुरक्षित बाजूला झाली म्हणून ती लहान ठरते असेही मी म्हणत नाही. हाच प्रश्न कोणी १९ जूनला विचारला असता, तर सहायकाने फिर्याद दाखल करायला हरकत नाही असे सांगितले असते, आणि १५ दिवस संपण्याआधीची ती फिर्याद मुदतपूर्व म्हणून टिकली नसती. ते ध्यानात आल्यावर मला झोप लागली नाही.

मूळ घोटाळा 'दिली' या एका शब्दात आहे. आपल्या बोलण्यात नोटीस दिली, पाठवली, गेली, लागली, बजावली हे सगळे शब्द सहज येतात. कोर्टात वावरणाऱ्या माणसाला त्यांतला फरक संदर्भाने कळतो, सहायकाला तो कोणी तरी लिहून द्यावा लागतो. आता रकान्याचे नाव 'नोटीस मिळाल्याची तारीख' असे केले आहे. वर्णनात असे लिहिले आहे, की ही तारीख आरोपीला नोटीस प्रत्यक्ष मिळाल्याची असावी, पाठवल्याची तारीख येथे भरू नये, मिळाल्याची तारीख माहीत नसल्यास मोजणी न करता वापरकर्त्याला विचारावे, आणि नोटीस न स्वीकारता परत आली असल्यास बजावणीचा निर्णय वकिलावर सोडावा. पहिल्या प्रयत्नात आम्ही वर्णनात कलमेच्या कलमे घातली होती. तेव्हा सहायक हे साधन अपिलाच्या मुदतीसाठीही वापरू लागला, म्हणून वर्णन पुन्हा आखूड करून 'अपिलासाठी वापरू नये' एवढी ओळ ठेवली. अपिलाच्या साधनात नक्कल अर्जाची आणि नक्कल मिळाल्याची अशा दोन तारखा लागतात. त्याचे वर्णनही बदलायचे आहे, ते लवकरच करू.

आपण कमी तारे दिलेत याबद्दल तक्रार नाही. फक्त 'मुदत बुडवणारे' हे दोन शब्द शक्य असल्यास बदलावेत, एवढी विनंती. आपले जुलैचे शुल्क पुढील महिन्यात वळते केले आहे.