गुडघ्यातलं ‘ग्रीस’ संपत नाही, आणि बसून राहिल्यानं वाचतही नाही

“गुडघ्यातलं ग्रीस संपलं की हाडावर हाड घासतं. चालणं, उठबस बंद करा, उरलेलं ग्रीस वाचवा. बाभळीच्या शेंगांचं चूर्ण दुधातून घ्या, दोन महिन्यांत ग्रीस पुन्हा भरेल. आंबट सोडा. बोटं मोडू नका, संधिवात होतो.” आमच्या भागातल्या बचत गटांच्या ग्रुपवर हा मेसेज सारखा फिरतोय. तो माझ्या मोठ्या आईपर्यंत पोचला आणि जन्मभर वावरात राबलेली ही बाई दिवाळीपासून बाजेवर बसून आहे. काही म्हटलं की एकच उत्तर: “जेवढं चालीन तेवढं झिजन, म्हन्तेत.” मी फिजिओथेरपीचं काम करते. घरातच हे पाहिल्यावर आता गप्प बसवत नाही.

आधी ते ग्रीस. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिचं आतलं अस्तर रक्तातून द्रव गाळतं, त्यात चिकट पदार्थ मिसळतं आणि वंगण तयार करतं. जुनं शोषलं जातं, नवं येतं. हे जन्मभर चालू राहतं. निरोगी गुडघ्यातसुद्धा ते जेमतेम चमचाभर असतं. झिजलेल्या गुडघ्यात ते पातळ होतं, एवढं या मेसेजमधलं अर्धं खरं मी मान्य करते. पण पातळ होणं म्हणजे संपणं नव्हे. उलट दुखरा गुडघा सुजतो तेव्हा हा द्रव वाढलेला असतो. मोठ्या आईच्या गुडघ्याच्या वाटीच्या वर हात ठेवून दाबलं की आतलं पाणी सरकताना माझ्या बोटांना लागतं. ज्या गुडघ्यात जास्तीचं पाणी आहे, त्यातलं “ग्रीस संपलं” असं तिला सांगितलं गेलंय! एक्स-रे पाहून हे कळलं म्हणावं, तर एक्स-रेत वंगण दिसतच नाही. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे तिथलं गुळगुळीत, लवचीक आवरण, तीही त्यात दिसत नाही; दोन हाडांमधल्या अंतरावरून तिचा अंदाज बांधतात.

झिजते ती ही कूर्चा. आणि “चालू नका” हा सल्ला सगळ्यात घातक आहे तो तिच्यामुळेच. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः त्या वंगणातूनच होतं, आणि ते आत मुरायला हालचाल लागते. ओलं फडकं पिळून सोडलं की ते पुन्हा पाणी ओढतं, तसं पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की द्रव आत घेते. बसून राहिलात तर ही ये-जा मंदावते.

दुसरं नुकसान मांडीचं. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघा सरळ करतो आणि पाऊल टेकतानाचा धक्का झेलतो. बाजेवर पडून राहिलं की आठवड्याभरातच तो रोडावायला लागतो. मोठ्या आईच्या मांडीवर वाटीच्या वर आतल्या बाजूला आता खळगा पडलाय. उठताना ती दोन्ही हातांनी बाजेची पाटी रेटते, तरी पहिल्यांदा उठणं होत नाही. स्नायू गेला की धक्का सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, माणूस आणखी बसतो.

हे माझं एकटीचं मत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला उपचारांची शिफारस करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची सांधेझिजेवरची मार्गदर्शिका आहे. तिच्यात पहिल्या फळीतला उपचार म्हणून व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं, हेच सांगितलंय. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल, तरी नियमानं केलेला व्यायाम सांध्याच्या फायद्याचाच, हेही रुग्णाला सांगा, असं तीत स्पष्ट आहे. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि गुडघ्यात वंगण भरायची इंजेक्शनं देऊ नका, असंही तीच मार्गदर्शिका म्हणते.

मग शेंगांचं चूर्ण? पोटात गेलेली वस्तू पचते, ती थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. आपल्याच बांधावरच्या शेंगा कुटल्या तर निदान पैसे वाचतील. बाजारात बिननावाच्या पुडीतून मिळणाऱ्या चूर्णाची मात्र मला भीती वाटते. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आपल्या देशात सापडलेलं आहे. दोन दिवसांत दुखणं गायब झालं, भूक वाढली, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, तर पुडी घेऊन दवाखाना गाठा. परस्पर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

आंबटाचा झिजेशी संबंध नाही. अंबाडीची भाजी, कढी खुशाल खा. बोटं मोडताना वाजतो तो सांध्याच्या द्रवातल्या वायूच्या बुडबुड्याचा आवाज. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी सुमारे ५० वर्षं एकाच हाताची बोटं मोडली आणि १९९८ मध्ये लिहून कळवलं, की दोन्ही हातांत फरक नाही, संधिवातही नाही.

उकिडवं बसून तासन्‌तास निंदण केल्यानं गुडघ्यावर ताण येतो, हे खरंच आहे. म्हणून निंदताना पाटावर बसा, मधूनमधून उठा. बसणं बदला, चालणं सोडू नका.

मोठ्या आईला मी सांगितलंय ते इतकंच: बाजेच्या काठावर बसून पाय सरळ कर, पाच आकडे मोजेपर्यंत धर, खाली सोड, दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. मग हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचा सराव. आणि रोज सपाट रस्त्यानं देवळापर्यंत चालणं. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवत नसेल, तर मात्र व्यायाम नाही. त्याच दिवशी डॉक्टर.