लिनालूल विष नाही, आणि ‘शुद्ध’ तेल बिनधोक नाही

लिनालूल या सुगंधी द्रव्याबद्दल सध्या सांगलीतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘साबण-शाम्पूच्या पाकिटावर लिनालूल लिहिलेलं दिसलं तर फेकून द्या. ते कारखान्यातलं विष आहे, युरोपात त्यावर बंदी आहे. त्यापेक्षा शुद्ध लॅव्हेंडर तेल थेट लावा. नैसर्गिक असल्यानं अपाय नाही आणि केसही उगवतात.’ हे वाचून कुणी खरंच तेल अंगाला चोळेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

युरोपात बंदी नाही. तिथला नियम नाव छापण्याचा आहे. अंगावर राहणाऱ्या क्रीम-तेलात लिनालूल ०.००१ टक्क्यांपेक्षा जास्त किंवा धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूत ०.०१ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ते पाकिटावर लिहावं लागतं. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना कळावं, एवढ्यासाठी.

आता ‘कारखान्यातलं विष’. चटणीच्या दिवसांत डंकावर न्यायला आपण धने निवडतो, तेव्हा चार दाणे तळहातावर चुरडून हुंगा. तो गोडसर, किंचित लिंबाच्या सालीकडे झुकणारा वास मुख्यतः लिनालूलचा. धन्याच्या सुगंधी तेलात साधारण दोन तृतीयांश तेच असतं. बाजारातलं बरंचसं लिनालूल कारखान्यात तयार होतं हे खरं, पण तेवढ्यानं ते विष ठरत नाही. आणि ज्या लॅव्हेंडर तेलाची शिफारस चालली आहे त्यात तरी काय असतं? पाव ते एक तृतीयांश लिनालूलच! म्हणजे साबणातला कणभर अंश फेकायचा आणि त्याच्या कितीतरी पट अंगाला फासायचं.

खरा धोका मेसेजमध्ये आलाच नाही. ताजं लिनालूल सहसा फारसं त्रास देत नाही. हवेशी संबंध आला की त्यातून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात आणि त्यांनी त्वचेची अ‍ॅलर्जी होऊ शकते. स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी हे वर्षानुवर्षं तपासलं आहे. अर्धी रिकामी झालेली, झाकण सैल असलेली बाटली आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीत पडून असेल, तर तेल झाडाचं आहे म्हणून हे थांबत नाही. अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, पुढे लिनालूल असलेल्या साध्या साबणानंही खाज सुटू शकते. म्हणून सुगंधी तेल नुसतं लावूच नका. चमचाभर खोबरेल तेलात एक थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. बाटली छोटी घ्या, घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, आणि वास बदललेलं तेल त्वचेला लावू नका.

केसांचं म्हणाल, तर १९९८ साली स्कॉटलंडमध्ये चाई (डोक्यावर चट्ट्याचट्ट्यांनी केस जाण्याचा आजार) पडलेल्या ८६ रुग्णांवर एक चाचणी झाली होती. त्यात थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि देवदार ही चार तेलं दुसऱ्या तेलात मिसळून सात महिने रोज मालिश केलं. सुगंधी तेलांच्या गटात ४४ टक्के, तर नुसत्या तेलाच्या गटात १५ टक्के रुग्णांना फरक पडला. पण चाई हा वेगळा आजार आहे, रोजच्या केसगळतीला हा निष्कर्ष लावता येत नाही. शिवाय चार तेलांतल्या लॅव्हेंडरचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही.

तेल लावून आधीच पुरळ उठलं असेल, तर ते लगेच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती बाटली बरोबर न्या. पॅच टेस्ट (त्वचेवर थोडा पदार्थ चिकटवून अ‍ॅलर्जी तपासणं) करायची झाली तर नेमकं काय तपासायचं, हे तिच्यावरून ठरवता येईल.