प्रतिक्रियेला उत्तर: हेड गॅस्केट उडतं, पण उडवतं कोण?

मारुती ८००च्या इंजिनावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने टोपणनावाने लिहिलंय (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधली सील): "३७ अश्वशक्तीच्या शिवणयंत्राला टिकाऊ म्हणणं म्हणजे नुसता जुन्या आठवणींचा उमाळा. घाटात हेड गॅस्केट उडून वाफा सोडत उभ्या असलेल्या ८०० शेकड्याने पाहिल्यात. टायमिंग बेल्टचा उल्लेख नाही, कार्ब्युरेटरच्या कटकटी नाहीत, सुरक्षिततेवर अवाक्षर नाही. लेखकाने कधी बॉनेट उघडलं असेल असं वाटत नाही."

महोदय, आपण वेळ काढून लेख वाचलात, त्याबद्दल आभार. टीकेचं मला वावडं नाही, याआधीही कान उपटून घेतलेत. पण ते शेवटचं वाक्य लिहायची काही गरज होती का? मुद्दा त्याच्याशिवायही पोचला असता. आणि शिवणयंत्र ही शिवी कधीपासून झाली? आमच्या आईने पायमशीनवर घर चालवलंय. बाकी नाव न सांगता दुसऱ्याची लायकी काढणं सोपं असतं, असो.

बॉनेटचं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरी कार्ब्युरेटरवाली ८०० होती, आणि काकांचं चिपळुणात गॅरेज. सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथेच. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग साफ करायचे, आणि हात बसला तेव्हा टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवणं. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. थंड इंजिनवर फिलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये सरकवायची. ती सुळकन गेली तर सैल, अडली तर घट्ट. जरा ओढ लागून सरकली पाहिजे. मग स्क्रू धरून वरचा नट आवळायचा, आणि आवळताना स्क्रू केसभर फिरला की पुन्हा पहिल्यापासून. काका मागे उभे राहून काही बोलायचे नाहीत, नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"चे दोन अर्थ होते आणि दोन्ही मला कळायचे. तर बॉनेट उघडलंय, राव. तुम्ही उघडलंय का, ते तुमच्या प्रतिक्रियेतून मलाही कळलेलं नाही.

आता गॅस्केट. "शेकड्याने पाहिल्यात" म्हणता, म्हणजे कुंभार्ली घाटात वही घेऊन बसला होतात की काय? ही गाडी डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ बनत होती आणि देशात २५ लाखांहून जास्त खपली. एके काळी घाटातली दर दुसरी मोटार ८००च असायची, मग बंद पडलेल्यांतही तीच जास्त दिसणार. याला इंजिनाचा दोष म्हणत नाहीत, साधा हिशेब म्हणतात.

आणि गॅस्केट का उडतं, हे लिहायला काय हरकत होती? या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पाणी आहे तोवर दोघांचं जमतं. पाणी गेलं की हेड वाकतं आणि दोघांच्या मधलं गॅस्केट बळी जातं. पण पाणी जातं कुठे? रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतायचं, नळ्यांत क्षार धरतात. पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा थर्मो स्विच खराब झाला तरी कुणाला पत्ता नसतो. फुगलेला होजपाइप "अजून चालेल" म्हणून ठेवायचा. वर गंमत अशी की पाणी पुरतं संपलं की तापमानाच्या सेन्सरभोवती पाणीच उरत नाही, त्यामुळे काटा कधीकधी वर चढायच्या ऐवजी खाली येतो. चालक म्हणतो, चला, थंड झाली! आणि पुढच्या वळणावर ती वाफ, जी तुम्ही पाहिलीत.

आमच्या गाडीवरही हा प्रसंग आला होता. एका गॅरेजवाल्याने (गावही सांगत नाही) थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, "आता कायम थंड राहील" असं सांगून. राहिली की! इतकी थंड, की इंजिन गरम व्हायचं नावच घेईना. ॲव्हरेज पडलं, जादा पेट्रोल तेलात उतरलं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास. मूळचा गळका होज तसाच राहिला आणि पुढे व्हायचं तेच झालं. ऑइलच्या टोपीखाली दुधी, बुळबुळीत थर (तेलात पाणी मिसळल्याची खूण) दिसला तेव्हा काकांनी हेड उतरवलं, घासून सपाट (प्लेन) करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं. त्यानंतर ती गाडी आम्ही विकेपर्यंत पुन्हा उघडावी लागली नाही. यात खोट इंजिनात होती, असं तुम्हाला अजूनही म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत होतं. पुढची सीट उचलली की खाली इंजिन, वारा लागायला जागा नाही, ड्रायव्हरची बैठक शेकून निघते. त्या अवस्थेत या गाड्यांनी शाळेची पोरं वाहिली, ॲम्ब्युलन्सची कामं केली, आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत राहिली. रस्त्यावर इतकी वर्षं उमाळ्याच्या जोरावर चालत नाही कोणी.

३७ अश्वशक्तीचं म्हणाल, तर ती मिळते मिनिटाला ५००० फेऱ्यांना. पण ५९ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी ओढ, २५०० लाच येतो, आणि गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. घाटात दुसऱ्या गिअरला कामी येतो तो टॉर्क. कागदावरचा मोठा आकडा बघून नाक मुरडणाऱ्यांना हे समजावत बसण्यात अर्थ नाही.

एक मात्र मान्य. टायमिंग बेल्टवर दोन ओळी हव्या होत्या. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा हा पट्टा, चेन नव्हे, रबरी बेल्ट आहे, आणि जुनी गाडी कमी फिरली असली तरी वयाने तो कडक होऊन चिरतो. जुनी ८०० घेणाऱ्याने आधी तो बदलावा. मूळ लेखात ही भर घालतो.

कार्ब्युरेटरच्या कटकटी? २००० पासून एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी व्यवस्था) आलं, विषय संपला. आणि सुरक्षितता हा बॉडीचा मुद्दा, लेख इंजिनावर होता. शीर्षक वाचलं असतंत तर तेवढं टंकायचे कष्ट वाचले असते.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा गाडीचं साल, आणि कूलंट शेवटचा कधी बदलला, एवढं सोबत द्या. मग गॅस्केटवर हवं तेवढं बोलू.